फोंड्याजवळ काउन्सेलर बघतेय, फी आणि पद्धत दोन्हीचा मेळ लागत नाहीये

फोंडेकरीण:
नमस्कार. वय ३१, कुंडईला कंपनीत क्वालिटीत आहे. बाबांना जाऊन वर्ष झालं आणि गेले तीनेक महिने माझं काहीतरी बिनसलंय. पहाटे तीनला झोप मोडते, आणि कामावर पोचले की पार्किंगमध्ये स्कूटर बंद करून हेल्मेट डोक्यावरच ठेवून दहा-दहा मिनिटं बसून राहते, पाय उचलत नाही. कुणाशी तरी बोलायला हवं एवढं कळलंय. पण फोन केले तर एकीकडे १२०० सांगितले, दुसरीकडे २०००, किती वेळा यावं लागेल विचारलं तर दोन्हीकडे 'बघूया'. पगार २६ हजार, घरी आई. कोणी सीबीटी नावाची थेरपी म्हणतं, कोणी आणखी काय, मला काय लागू पडेल ते मी कसं ठरवू? आणि फोंडा एवढंसं, आईच्या कानावर गेलं तर ती घाबरेल.

वाळपईकर:
ताई, मी यातून गेलोय म्हणून सांगतो. पहिल्या ठिकाणी चौथ्याच सेशनला 'लग्न कर, सगळं मार्गी लागेल' असं ऐकवलं, तरी भिडेखातर मी अजून तीनदा गेलो, पैसे गेलेच पण मीच सुधारत नाहीये असं वाटायला लागलं ते जास्त वाईट. दुसऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी झोप, जेवण, घरात कुणाला आधी असा त्रास, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, सगळं सरळ विचारलं आणि म्हणाल्या सहा भेटी करू, सहावीला बसून बघू काय फरक पडला. एक वही दिली, दिवसभरात काय केलं आणि नंतर मन कसं होतं, दहापैकी किती. दुसऱ्या आठवड्यात वहीतच दिसलं, बागायतीत पाणी सोडायला गेलो त्या दिवशी आकडा वर. तेव्हा फी विचारताना एका सेशनची नको, सहाची धरा, आणि पटत नसेल तर तोंडावर सांगा, चांगला माणूस राग धरत नाही.

सायकॉलॉजीवाली_म्हापसा:
काउन्सेलर ही पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र आरसीआयची (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी लागते, नंबर बिनधास्त मागायचा. गोळ्या सायकायट्रिस्ट देतात, कारण ते डॉक्टर. पद्धत तुम्ही ठरवायची नसतेच, 'माझ्यासारखं कोणी आलं तर तुम्ही नेमकं काय करता?' एवढं विचारा, उत्तर साध्या भाषेत आलं पाहिजे. सीबीटीत विचार आणि वागणं यांची सांगड बघतात, घरी करायला अभ्यास असतो. तुमचं दुःख बाबांचं आहे, ते पहिल्या फोनवरच सांगा. आणि महाग म्हणजे चांगलं असं अजिबात नाही हो. आपल्या गोव्यातच संगाथ संस्थेच्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना शिकवून डिप्रेशनच्या पेशंटना सहा ते आठ भेटी दिल्या, चांगला फरक पडला, २०१७ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय.

बांबोळी_रोजची:
पैशांचं अडत असेल तर बांबोळीच्या आयपीएचबीची, म्हणजे मानसिक आजारांच्या हॉस्पिटलची ओपीडी बघा, सरकारी आहे, खाजगीच्या मानाने खर्च काहीच नाही. गर्दी असते, सकाळी लवकर जा. कोणी बघेल म्हणून घाबरू नका, गोवा मेडिकल कॉलेज शेजारीच, बांबोळीला अख्खा गोवा येत असतो. तुम्ही सांगितल्याशिवाय घरी कळवत नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, जिवाला धोका, कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद. रात्री तीनला फारच झालं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, फुकट, चोवीस तास. एकदा थायरॉइड, बी१२ पण तपासून घ्या, माझ्या बहिणीचं त्यातच निघालेलं.

फोंडेकरीण:
सगळ्यांचे आभार, वाचून रडूच आलं. आज १२०० वाल्या मॅडमना परत फोन लावला, बाबांचं सांगितलं, नोंदणी विचारली, त्यांनी न अडखळता नंबर दिला. सहा भेटी म्हणजे ७२०० होतात म्हटलं तर त्या म्हणाल्या पहिल्या दोन भेटी आठवड्याला एक अशा, मग दर पंधरा दिवसांनी, महिन्याचा भार कमी होईल. कोकणी-मराठी दोन्ही चालतं. ऑनलाइन पण होतं पण आमच्या घरात भिंतीला कान, सो शनिवारी ड्युटी संपवून जाणार. आईला आज रात्री जेवताना सांगते.