ग्रिड सीलिंगच्या टाइल्स छापील का दिसतात? (ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर, त्यातलं सायकल्स रेंडर इंजिन)

प्रश्न – कोपरा_रेंडर
ऑफिसच्या इंटिरियरसाठी ६०० × ६०० मिमीचं मिनरल फायबर सीलिंग करतोय, चिरा आणि बारीक भोकांचं. एका टाइलचा फोटो वापरून अ‍ॅरे मॉडिफायरने (वस्तूच्या प्रती ओळीने मांडणारं साधन) पसरवला. तीन अडचणी आहेत: प्रत्येक टाइलवर तीच चीर दिसते, टी-पट्ट्या (टाइल्स धरणाऱ्या टी आकाराच्या पट्ट्या) रेघा ओढल्यासारख्या सपाट वाटतात आणि पांढरं छत करडं येतं. बेस कलर १.० केला, तरी फरक नाही.

प्रतिसाद – नोडकरी
फोटो सोडा, चिरा नोड्सनीच (मटेरियल घडवणारे, एकमेकांना जोडायचे ठोकळे) काढा. टेक्स्चर कोऑर्डिनेटमधला ‘ऑब्जेक्ट’ घ्या आणि स्केल आधी अप्लाय करा, म्हणजे १ एकक = १ मीटर राहील.

चिरांसाठी नॉइज टेक्स्चर २डी, स्केल १, डिटेल २. मॅपिंगमध्ये स्केल एक्स ४०, वाय २०० द्या. कलर रॅम्पचे (करड्या छटा काळ्या-पांढऱ्या करणारा नोड) दोन्ही थांबे ०.३६ आणि ०.४० च्या आसपास आणलेत की लांबट, तुटक चिरा उरतात. भोकांसाठी व्होरोनॉय एफ१ (जवळच्या बिंदूपासूनचं अंतर देणारं टेक्स्चर), स्केल १५०, रॅम्प ०.०९ ते ०.१२, भोक साधारण दीड मिमीचं येतं. हाही २डीच हवा. ३डी ठेवलात तर बिंदू पृष्ठभागाच्या वर-खाली पडतात आणि बहुतेक भोकं गायब होतात.

दोन्ही मास्क (चिरांचा आणि भोकांचा काळा-पांढरा नकाशा) मल्टिप्लाय करून बंपच्या (खोलगटपणाचा आभास देणारा नोड) हाइटला जोडा, डिस्टन्स ०.००१. बंप सावली पाडत नाही, म्हणून त्याच मास्कने भोकातला रंग ०.३ पर्यंत उतरवा. हे राहिलं की भोकं पुसट दिसतात.

एकच चीर सगळीकडे येते कारण अ‍ॅरे टाइलबरोबर तिच्यावरच्या फोटोचीही तीच प्रत काढतो, आणि सगळ्या टाइल्स मिळून एकच ऑब्जेक्ट असल्याने त्यांना वेगवेगळा रँडम आकडा मिळत नाही. जिऑमेट्री नोड्समध्ये ‘इन्स्टन्स ऑन पॉइंट्स’ (प्रत्येक बिंदूवर टाइलची स्वतंत्र प्रत) वापरा आणि ऑब्जेक्ट इन्फोचा रँडम ५० ने गुणून दोन्ही मॅपिंगच्या लोकेशनला द्या. ‘रिअलाइझ इन्स्टन्सेस’ (प्रती एकाच मेशमध्ये विलीन करणारा नोड) मात्र लावू नका, सगळ्यांना एकच रँडम मिळेल आणि चिरा एका टाइलवरून दुसरीवर सलग जातील.

प्रतिसाद – टी_सेक्शन
पट्ट्या मटेरियलमध्ये काढू नका, मॉडेल करा. टाइल प्रत्यक्षात ५९५ मिमीची असते आणि २४ मिमीच्या टी वर टेकते. दोन्ही बाजूंनी साधारण ९.५ मिमी झाकली जाते, म्हणून खालून ५७६ मिमीच दिसते. पट्टीचा तळ टाइलच्या पातळीपेक्षा १ मिमी खाली ठेवा, कडेला ०.३ मिमी बेव्हल (कड किंचित छाटणं) द्या. टाइलचा रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा, जास्त म्हणजे कमी चमक) ०.९, रंगवलेल्या पट्टीचा ०.४. एवढ्या फरकानेच दोन वस्तू वेगळ्या वाटतात.

भिंतीलगतचे तुकडेही तपासा. ४.५ मीटरच्या खोलीत ७ अख्ख्या टाइल्स घेतल्या तर दोन्ही कडांना १५० मिमीच्या चिंध्या उरतात. चांगला फिटर ६ अख्ख्या घेऊन दोन्हीकडे ४५० मिमी सोडतो. इथे चुकलं तर मटेरियल कितीही चांगलं असो, सीलिंग बघणाऱ्याला खटकतंच.

कोपरा_रेंडर
टाइल्स ९० अंशांत रँडम फिरवल्या तर चालेल का? आणि करडेपणाचं काय?

प्रतिसाद – नोडकरी
नुसती भोकं असतील तर फिरवा. चिरांना दिशा असते आणि त्या टाइल्स सहसा एकाच दिशेने बसवतात, म्हणून फार तर १८० अंश.

करडेपणा मटेरियलचा नाही. लाइट पॅनल छतातच असल्याने छताला थेट उजेड मिळत नाही, जमिनीवरून उसळून येतो तेवढाच. फरशी गडद असेल तर छतही गडद. बेस कलर ०.८ वर परत आणा, १.० ने भिंतींचे कोपरे खोटे उजळतात. डिफ्यूज बाउन्स (उजेड किती वेळा उसळू द्यायचा ती मर्यादा) ४ वरून ८ करा, मग एक्स्पोजर वाढवा. एजीएक्समध्ये (ब्लेंडरची रंग दाखवण्याची एक पद्धत) पांढरा तसाही थोडा दबतो.

प्रतिसाद – टी_सेक्शन
गळतीचा डाग हवा असेल तर पूर्ण छतात एखाद्या टाइलवरच. मध्ये फिकट पिवळा आणि कडेला गडद तपकिरी वळी, कारण पाणी सुकताना रंग कडेला जमतो. त्याच टाइलचा मध्य २-३ मिमी खाली झुकवा. ओली मिनरल फायबर टाइल पोटातून लोंबते.