मदत हवी आहे: लाडकी बहीण योजनेचा परिणाम मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी, एम.ए.च्या प्रकल्पात अडकलेय. लाडकी बहीण योजनेनं गरिबी कमी झाली का, आणि विषमताही?

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना ऑगस्ट 2024 मध्ये दोन हप्त्यांचे मिळून 3000 रुपये आले. आधी वाण्याची उधारी फेडली, उरलेल्यात मुलीचं दप्तर. फरक पडतोय हे दिसतं, पण आकड्यांत कसा पकडू? घरगुती उपभोग खर्चाची माझ्याकडची सरकारी पाहणी ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 ची, म्हणजे पैसे खात्यात यायच्या तोंडावर संपलेली! त्यात मोजतात खर्च, उत्पन्न नाही. श्रीमंतांची बचत निसटते आणि विषमता आहे त्याहून कमी दिसते. फुकट धान्याची किंमत धरलेले आकडे वेगळे दिलेत, ते घेऊ का?

सर म्हणतात, तुलनेला रोजगार हमी घे. तिच्यासाठी राज्यात 1975 पासून व्यवसाय कर आहे (फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 कापले की बाबा दरवर्षी कुरकुरतात). पण तिथे घाम गाळून मजुरी, इथे थेट खात्यात. तुलना टिकेल?

वस्तीत 30 घरं फिरायची तयारी आहे. कुणी अशी पाहणी केली असेल तर प्रश्नावली दाखवाल का? उधारीबद्दल बायका पटकन बोलत नाहीत, ते कसं विचारायचं?