मदत हवी आहे: प्रौढ साक्षरता वर्गात प्रत्येकाची 'शिकण्याची शैली' कशी ओळखावी?

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि नव भारत साक्षरता कार्यक्रमाची, म्हणजे 'उल्लास'ची स्वयंसेवक म्हणून प्रौढांचा वर्ग घेते. मी शिक्षिका नाही. बी.ए. झाल्यावर लग्न होऊन या गावात आले आणि गावात वेळ देऊ शकणारी शिकलेली सून म्हणून हे काम माझ्याकडे आले. वर्गात सात बाया आणि चार पुरुष आहेत. सर्वांत लहान ३४ वर्षांची, सर्वांत मोठे ६३ वर्षांचे. शाळेच्या व्हरांड्यात रात्री आठ ते साडेनऊ आम्ही बसतो. शेतीची वीज रात्रपाळीला असली की पुरुष ओलितासाठी वावरात जातात, आणि वेचणीच्या दिवसांत बाया बसल्या जागी पेंगतात. एवढे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

अडचण अशी आहे. एका प्रशिक्षणात आम्हाला टिपण मिळाले की माणसे चार प्रकारांनी शिकतात: काही पाहून, काही ऐकून, काही वाचून-लिहून आणि काही हाताने करून. प्रत्येकाचा प्रकार प्रश्नावलीवरून ओळखावा आणि ज्याला जसे रुचेल तसे शिकवावे, असे त्यात होते. ज्यांना अक्षरच येत नाही त्यांना 'तुम्हाला वाचून अधिक समजते का' असे विचारताना मला ओशाळल्यासारखे झाले, तरी मी सगळे प्रश्न मोठ्याने वाचून उत्तरे लिहून घेतली. 'नवीन यंत्र आणल्यावर तुम्ही माहितीपत्रक वाचता की कुणाला विचारता?' या प्रश्नावर एक काका म्हणाले, "फवारणीचा पंप घेतला तं दुकानदार सांगते थेच आयकतो. कागद वाचता आला असता तं अथी कायले आलो असतो?" सगळे हसले, मीही हसले, आणि त्यांच्या नावापुढे 'ऐकून शिकणारे' अशी नोंद केली.

त्या नोंदींप्रमाणे मी दोन महिने शिकवले आणि आता त्या नोंदींवरचा माझा विश्वास उडत चालला आहे. एकच प्रसंग सविस्तर सांगते. माझ्या एक चुलत सासूबाई प्रश्नावलीत स्पष्टपणे 'ऐकून शिकणाऱ्या' निघाल्या. पुस्तक समोर ठेवले की त्या मान फिरवायच्या आणि म्हणायच्या, "तू सांग व माय, मी आयकतो." म्हणून मी त्यांना शब्द म्हणून दाखवायचे, त्या हुबेहूब म्हणायच्या, पण पाटीवर काहीच उतरत नसे. एका रात्री शेजारच्या बाईंनी आपली चाळिशी पुसायला काढून सतरंजीवर ठेवली होती. सासूबाईंनी ती सहज उचलून नाकावर चढवली, पुस्तक हातभर दूर धरले, मग जवळ घेतले आणि 'कमल' या शब्दातल्या 'म'वर बोट ठेवून म्हणाल्या, "याचं पोट फुटलेलं हाये, मले तं हे सपाट दिसत होतं." त्यांना ऐकून शिकणे आवडत होते असे नव्हे, त्यांना जवळचे दिसतच नव्हते. दोन महिने मी डोळ्यांच्या दोषाला शैली समजत होते.

तेव्हापासून प्रत्येक नोंदीबद्दल शंका येते. पंपवाले काका तोंडी हिशोबात मला मागे टाकतात. हजारातून ६४० वजा करायचे असल्यास ते "सहाशे चाळीसचे सातशे व्हाले साठ, अन् हजारपर्यंत तीनशे, तीनशे साठ" असे क्षणात सांगतात. तीच वजाबाकी पाटीवर उभी मांडली की शून्यातून चार कसे जाणार यावर अडतात आणि पाटी बाजूला सारतात. तांड्यावरच्या ताई घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. भाकरीचे चित्र दाखवले की त्यांच्या तोंडी 'बाटी' येते, मग त्यांना 'भ' कुठून सुचणार? टिपणाप्रमाणे त्या 'पाहून शिकणाऱ्या' आहेत. आणि नात्याने मला भासरे, म्हणजे थोरले दीर लागणारे एक जण आहेत. त्यांना मी फळ्याजवळ बोलावू शकत नाही आणि त्यांची चूक सर्वांसमोर दाखवू शकत नाही. ते कसे शिकतात हे मला अजून कळलेलेच नाही, कारण ते माझ्यासमोर तोंडच उघडत नाहीत.

तर जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, शिकण्याच्या शैली हा प्रकार खरोखर आहे का, आणि असल्यास निरक्षर प्रौढांच्या बाबतीत तो कसा ओळखावा? नसल्यास अकरा जणांच्या अकरा तऱ्हा दीड तासात कशा सांभाळाव्यात? मुलांच्या शाळेचे उपाय कृपया सुचवू नका, ते करून पाहिले आहेत. गाणी म्हणायला लावली तर बाया लाजतात आणि पुरुष उठून जातात.

प्रतिसाद १ (निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा)

ताई, आपण चाळिशीची जी गोष्ट लिहिली आहे त्यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे संशोधनातून मिळते.

आपल्याला मिळालेले चार प्रकार न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांच्या मांडणीतून आले आहेत. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि मुळात ज्यांना लिहिता-वाचता येते अशा विद्यार्थ्यांसाठी होती. निरक्षरांच्या वर्गात तिसरा प्रकार विचित्र वाटतो तो त्यामुळेच. माणसांना आवडीनिवडी असतात हे कुणी नाकारत नाही. वाद आहे तो पुढच्या दाव्याबद्दल, म्हणजे आवडीप्रमाणे शिकवले तर शिकणे अधिक होते या दाव्याबद्दल. तो सिद्ध करायचा तर 'पाहणारे' आणि 'ऐकणारे' असे दोन्ही गट करून, प्रत्येक गटातील निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून एका पद्धतीने व निम्म्यांना दुसऱ्या पद्धतीने शिकवावे लागेल आणि शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी लागेल. पाहणारे पाहून आणि ऐकणारे ऐकून सरस ठरले तरच दावा खरा. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध अभ्यास या कसोटीवर तपासले, तेव्हा अशा रीतीने केलेले अभ्यास फारच थोडे निघाले आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष दाव्याच्या थेट विरुद्ध होते. तेव्हा प्रश्नावलीचा कागद आपण निर्धास्तपणे कपाटात ठेवावा.

मात्र याचा अर्थ सगळे सारखे शिकतात असा होत नाही. फरक आहेत, पण ते नजरेत, बोलीत, हाताच्या सवयीत, आधी काय येते यात आणि कुणासमोर चुकायची लाज वाटते यात आहेत. त्यांपैकी बहुतेक फरकांवर काही ना काही करता येते. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसणे हे जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते. आपल्या वर्गातील वये पाहता, अक्षरओळखीच्या आधी नेत्रतपासणी करून घ्यायला हवी होती असे मी म्हणेन. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तोवर फळ्यावरचे अक्षर वीतभर उंच काढा आणि दिव्याखाली कुणाला बसवायचे ते वयाप्रमाणे ठरवा.

काकांच्या वजाबाकीविषयी सांगायचे तर ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्या मुलांचे हिशोब जवळजवळ सगळे बरोबर येत, पण तीच आकडेमोड कागदावर दिली की निम्म्याहून अधिक चुकत असे. म्हणजे काकांना गणित येते, आपली मांडणी येत नाही. त्यांची चढत्या मोजणीची रीत आहे तशीच पाटीवर लिहून दाखवा: ६४०, मग ७००, मग १०००, आणि मध्ये ६० व ३००. आपली रीत कागदावर उतरते हे एकदा त्यांनी पाहिले की उभी मांडणी नंतर शिकवता येईल. 'उसने घेणे' हा शब्द मात्र पहिल्या महिन्यात टाळा. माझ्या वर्गात एका गृहस्थांनी "उसनं घेनं बंद केलं आता" असे म्हणून पाटी परत दिली होती, आणि त्यांच्या डोक्यावरचे कर्ज गावाला ठाऊक असल्याने कुणी हसलेही नाही.

प्रतिसाद २ (साक्षरता कार्यकर्ती, वर्धा जिल्हा)

सरांच्या म्हणण्याशी सहमत आहे, पण 'हाताने करून शिकणे' हे त्या चार प्रकारांबरोबर फेकून देऊ नये अशी विनंती आहे. ते एका प्रकारच्या माणसांपुरते नाही, सर्वांसाठी आहे. आमच्याकडे वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला आणि ज्यातून नई तालीम उभी राहिली, त्यात कोणता विद्यार्थी कोणत्या शैलीचा हा प्रश्नच नव्हता. काम आधी, त्यातून मोजणे, त्यातून लिहिणे.

बायांच्या पाटीविषयी एक सांगते. ज्या हाताने तीस वर्षे विळा धरला आहे त्या हातात पेन्सिल मावत नाही, अंगठा ताठ राहतो आणि पूर्ण दंड हलतो. आम्ही पहिले पंधरा दिवस पेन्सिल देतच नाही. जमिनीवर ठिपके काढून त्यांवरून रांगोळीच्या बोटांनी 'ग', 'म', 'न' वळवायला सांगतो. जी बाई दिवाळीला एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढते तिला वळण शिकवावे लागत नाही, ते बोटांतून पेन्सिलीत उतरवावे लागते.

शब्दांची निवडही पाहा. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ साली ब्राझीलमधील आंगिकोस येथे सुमारे तीनशे मजुरांना शिकवताना त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द घेतले होते आणि प्रत्येक शब्दाचे तुकडे करून नवे शब्द जुळवायला लावले होते. मराठीला तर बाराखडी तयारच आहे. 'कमल' आपल्या बायांच्या वावरात उगवत नाही. 'सरकी', 'वावर', 'तूर', 'डवरा' घ्या. 'सरकी'तून 'सर', 'कीर', 'रस' निघतात. 'पऱ्हाटी' घेण्याचा मोह मलाही झाला होता, पण ते जोडाक्षर सुरुवातीला पेलत नाही, तो शब्द पुढे ठेवा. तांड्यावरच्या ताईंना आधी 'बाटी'चा 'ब' द्या. लिपी तीच आहे, आणि 'भ' पुढे येईलच. बाकीच्या बायांनाही एक गोरमाटी शब्द कळेल, त्यात ताईंचा मान वाढेल.

पुरुषांसाठी कीटकनाशकाचे रिकामे, स्वच्छ वेष्टन आणा, डबा मात्र आणू नका. त्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो, लाल सर्वांत विषारी आणि हिरवा सर्वांत कमी, हे बहुतेकांना अर्धवट माहीत असते. २०१७ च्या हंगामात तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसे गेली, त्यामुळे हा कागद वाचता यावा असे त्यांना आतून वाटते. तिथे 'मला ऐकून समजते' असे कुणी म्हणणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. गेल्या आठ दिवसांत काय झाले ते लिहिते. रांगोळीचा प्रयोग लगेच केला. सासूबाईंनी ठिपक्यांवरून 'म' इतका डौलदार काढला की त्यांना तो पुसवेना, आणि वर्ग संपल्यावर त्या भागावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. काकांची रीत पाटीवर लिहून दाखवली, तर त्यांनी माझ्या हातून पाटी घेऊन स्वतःच पुढचे उदाहरण मांडले, साठाचे शून्य उलट्या बाजूने काढले, पण उत्तर बरोबर. तपासणीबद्दल आरोग्य केंद्रात बोलले आहे, तारीख मिळायची आहे. 'बाटी'चा 'ब' दिला तेव्हा तांड्यावरच्या ताई पहिल्यांदाच दुसऱ्या ओळीतून पुढे येऊन बसल्या.

दोन गोष्टी अजून अडलेल्या आहेत. उल्लासच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान असे तीन भाग असतात आणि ती कागदावरच द्यायची असते. काका त्यांच्या रीतीनेच अडून बसले तर उभ्या मांडणीकडे केव्हा वळवावे? आणि भासऱ्यांचे काय करावे? काल वेष्टनाचा कागद फिरवला तेव्हा त्यांनी तो सर्वांत जास्त वेळ धरून ठेवला, ओठ हलत होते, पण मी जवळ जाताच त्यांनी तो घडी घालून शेजाऱ्याकडे दिला. नववीत शिकणाऱ्या त्यांच्या नातवाला वर्गात मदतीला बसवावे, असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे आहे. नातवासमोर चुकणे त्यांना सुनेसमोर चुकण्यापेक्षा सोपे जाईल की अधिक जड जाईल, याचा अनुभव कुणाला असल्यास कृपया सांगावा.