मदत हवी आहे: ओसीआरमायपीडीएफ इन्स्टॉल आहे, तरी 'कमांड नॉट फाउंड'

जुनी_पाने
सर्व्हरवर ओसीआरमायपीडीएफ (स्कॅन पीडीएफमधला मजकूर ओळखणारा प्रोग्राम) टाकलंय. इन्स्टॉल नीट झालं, शेवटी तसा मेसेजही आला. चालवायला गेलं की 'कमांड नॉट फाउंड'. काढून परत टाकलं, तेच. बॅशआरसीमध्ये (कमांड चालवणाऱ्या बॅश शेलची सेटिंग फाइल) पाथची (शेल ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतो ती यादी) ओळ घातलेली आहे, त्यामुळे कृपया ते सांगू नका. स्कॅन केलेल्या मराठी पीडीएफचा ढीग पडलाय आणि रविवारच्या आत उरकायचाय. कुणी पटकन सांगेल का?

टर्मिनल_तात्या
कोणतं लिनक्स? टाकलं कशाने: ॲप्ट, पायथनची पिप किंवा पिपएक्स, की स्नॅप? आणि एररची ओळ जशीच्या तशी चिकटवा. ती 'बॅश' ने सुरू होते की 'सूडो' (रूट, म्हणजे ॲडमिन म्हणून चालवणारी कमांड) ने, यावर उत्तर पूर्ण बदलतं.

निळा_पडदा
स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' शोधा, पाथ निवडून 'एडिट' करा आणि पायथनचा 'स्क्रिप्ट्स' फोल्डर जोडा. जुनी खिडकी बंद करून नवी उघडा, उघड्या खिडकीला नवा पाथ कळत नाही. 'पायथन' टाइप केल्यावर स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्यूशन अलायसेस' बंद करा.

घाटवाट
@निळा_पडदा, बॅशआरसी म्हणतायत ते. विंडोज नाहीये.

धागाकर्ते, एवढी यातायात कशाला? 'सूडो ॲप्ट इन्स्टॉल ओसीआरमायपीडीएफ' करा. प्रोग्राम /यूएसआर/बिन मध्ये बसतो, तो फोल्डर पाथमध्ये असतोच. टेसरॅक्ट (अक्षरं ओळखणारा) आणि घोस्टस्क्रिप्ट (पीडीएफ हाताळणारा) हेही सोबत येतात. सर्व्हरवर पिपएक्स वापरूच नये या मताचा मी आहे.

जुनी_पाने
उबुंटू २४.०४. पिपएक्सने टाकलं, ॲप्टमधली आवृत्ती जुनी आहे म्हणून. एरर दोन प्रकारची येते. नुसतं चालवलं तर 'कमांड ओसीआरमायपीडीएफ नॉट फाउंड, बट कॅन बी इन्स्टॉल्ड विथ: सूडो ॲप्ट इन्स्टॉल ओसीआरमायपीडीएफ'. सूडो लावून चालवलं तर 'सूडो: ओसीआरमायपीडीएफ: कमांड नॉट फाउंड'. 'सोर्स ~/.बॅशआरसी' केलं की सूडोशिवाय चालतं, पण परत लॉगिन केलं की पहिले पाढे पंचावन्न.

टर्मिनल_तात्या
आता दिसतंय. हे दोन वेगळे बिघाड आहेत, एकत्र करू नका.

आधी एक खुलासा. ॲप्टची जी सूचना येते ती उबुंटूचा मदतनीस प्रोग्राम देतो. त्याला फक्त ॲप्ट आणि स्नॅपची पॅकेजेस ठाऊक असतात. पिपएक्सने काय कुठे ठेवलंय हे त्याच्या गावी नसतं. तेव्हा 'कॅन बी इन्स्टॉल्ड' वाचून प्रोग्राम नाहीच असं समजू नका.

हे तीन चालवून उत्तरं इथे टाका:

एलएस -एल ~/.लोकल/बिन
एको $पाथ
एलएस -ए ~ | ग्रेप -ई बॅश -ई प्रोफाइल

परत इन्स्टॉल करू नका. फाइल जागेवर असेल तर दहा वेळा टाकूनही शेल तिथे बघायला जाणार नाही.

घाटवाट
ॲप्टने एका ओळीत काम झालं असतं. 'जुनी आहे' म्हणजे नेमकं कोणतं फीचर हवंय, ते तरी सांगा.

कोरी_वही
'विच ओसीआरमायपीडीएफ' काय सांगतं?

टर्मिनल_तात्या
@कोरी_वही, 'विच' ऐवजी 'टाइप -ए' बरं. 'विच' हा वेगळा प्रोग्राम आहे, त्याला बॅशचे अलायस आणि फंक्शन दिसत नाहीत. शिवाय कुणी पाथमध्ये अवतरणचिन्हांत '~/.लोकल/बिन' लिहिलं असेल तर बॅश स्वतः शोधताना ती लाट (~, म्हणजे होम फोल्डर) उलगडून घेतो, 'विच' घेत नाही. मग एक म्हणतो आहे आणि दुसरा म्हणतो नाही. म्हणून पाथमध्ये नेहमी $होम लिहावं.

जुनी_पाने
~/.लोकल/बिन मध्ये ओसीआरमायपीडीएफ आहे, बाण ~/.लोकल/शेअर/पिपएक्स/... कडे जातोय. पाथमध्ये लोकल/बिन नाही. तिसऱ्याचं उत्तर: .बॅश_हिस्टरी, .बॅश_लॉगआउट, .बॅश_प्रोफाइल, .बॅशआरसी, .प्रोफाइल.

टर्मिनल_तात्या
.बॅश_प्रोफाइल. उबुंटू ही फाइल स्वतः देत नाही, दुसऱ्या एखाद्या इन्स्टॉलरने बनवलेली असणार. 'कॅट ~/.बॅश_प्रोफाइल' करून पाहा, बहुधा एकदोन ओळीच निघतील.

कारण असं. एसएसएचने (दुरून) आत शिरलात की बॅश लॉगिन शेल म्हणून सुरू होतो. तो .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने शोधतो आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. उबुंटूची सगळी व्यवस्था .प्रोफाइलमध्ये आहे: तीच .बॅशआरसी वाचायला लावते आणि ~/.लोकल/बिन फोल्डर असेल तर तो पाथमध्ये घालते. तुमच्याकडे .बॅश_प्रोफाइल आडवी आली, त्यामुळे .प्रोफाइल वाचलीच गेली नाही आणि बॅशआरसीपर्यंतही कुणी पोचलं नाही. ओळ बरोबर आहे, पण ती फाइलच उघडली जात नाही. म्हणून सोर्स केल्यावर चालतं.

उपाय: .बॅश_प्रोफाइलच्या शेवटी ही ओळ घाला.

[ -एफ ~/.प्रोफाइल ] && . ~/.प्रोफाइल

बाहेर पडून परत लॉगिन करा. फाइल उडवू नका, ज्या इन्स्टॉलरने केली त्याची ओळ तिच्यात आहे.

सांजवेळ
अगदी बरोबर. एक पुरवणी: .बॅश_प्रोफाइल नसलेल्या नव्या मशीनवरही पहिल्यांदा हे होतं. लॉगिन करताना ~/.लोकल/बिन अस्तित्वात नसतो, .प्रोफाइल 'आहे का' तपासून पुढे जाते, पिपएक्स फोल्डर नंतर बनवतो. तिथे नुसतं पुन्हा लॉगिन पुरतं.

धारदार
सरळ लिंक करून टाका: 'सूडो एलएन -एस ~/.लोकल/बिन/ओसीआरमायपीडीएफ /यूएसआर/लोकल/बिन/'. सूडोलाही सापडेल, पाथची झंझट संपली.

टर्मिनल_तात्या
@धारदार, सापडेल, मान्य. पण उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डरची परवानगी ७५० असते. सर्व्हरवरच्या दुसऱ्या युझरने तीच कमांड दिली की लिंक तुटक्यासारखी वागते, कारण तो तुमच्या होममध्ये शिरूच शकत नाही. सगळ्यांना हवं असेल तर ॲप्टच योग्य, तिथे घाटवाट यांचं बरोबर आहे.

धारदार
सर्व्हरवर ते एकटेच असतील तर?

मोकळा_श्वास
'पिपएक्स इन्स्टॉल --ग्लोबल' आहे की त्यासाठी.

सांजवेळ
ते १.५.० पासून. २४.०४ च्या ॲप्टमध्ये पिपएक्स १.४.३ आहे, तिथे हा पर्याय ओळखतच नाही. आणि 'सूडो पिपएक्स' तर नकोच, ते /रूट/.लोकल/बिन मध्ये जाऊन बसतं आणि कुणाच्याच पाथमध्ये येत नाही.

जुनी_पाने
ओळ घातली, परत लॉगिन केलं, चालतंय! धन्यवाद तात्या. पण सूडोने अजून तेच येतंय, आणि मला सूडो लागतंच.

टर्मिनल_तात्या
सूडो तुमचा पाथ वापरत नाही. /ईटीसी/सूडोअर्स मध्ये 'सिक्युअर_पाथ' नावाची ठरलेली यादी आहे आणि त्यात होममधला काही नाही. कुणीतरी तुमच्या फोल्डरमध्ये 'एलएस' नावाचा खोटा प्रोग्राम ठेवून रूटच्या हाताने चालवू नये म्हणून ही सोय आहे, ती बदलू नका. पूर्ण पत्ता दिला तर चालेल: 'सूडो /होम/तुमचं_नाव/.लोकल/बिन/ओसीआरमायपीडीएफ'. पण पीडीएफला सूडो कशासाठी?

जुनी_पाने
बाहेरच्या ड्राइव्हवर लिहायला. सूडोशिवाय 'परमिशन डिनाइड'.

कोरी_वही
सीएचमॉड ७७७ करा, म्हणजे सगळ्यांना परवानगी.

सांजवेळ
ड्राइव्हची फाइलसिस्टम ईएक्सटी४ आहे की एक्सफॅट?

जुनी_पाने
एक्सफॅट.

सांजवेळ
मग सीएचमॉड आणि सीएचओन (मालक बदलणं) दोन्ही निरुपयोगी, एक्सफॅटमध्ये मालक-परवानगी साठवायची जागाच नसते. मालक माउंट करताना ठरतो. /ईटीसी/एफएसटॅब (ड्राइव्ह कसे माउंट करायचे त्याची फाइल) मधल्या त्या ओळीच्या पर्यायांत 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००' घाला ('आयडी' चालवून तुमचे आकडे बघून घ्या), अनमाउंट करून परत माउंट करा. सूडोची गरज उरणार नाही. तिथेच 'नोफेल' ही घाला, ड्राइव्ह जोडलेला नसताना सर्व्हर बूट होताना अडकून बसत नाही.

घाटवाट
अवांतर: मराठीसाठी 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर' पॅकेज टाकलंय ना? पिपएक्स ते आणत नाही. 'टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्स' मध्ये एमएआर दिसायला हवं. मग '-एल एमएआर+ईएनजी --डेस्क्यू'. स्कॅन ३०० डीपीआयचं असलं तर बरं, कमी असेल तर रफार आणि अनुस्वार आधी जातात.

मोकळा_श्वास
जुन्या छपाईला '-एल स्क्रिप्ट/देवनागरी' वापरून बघा. त्याचं पॅकेज वेगळं आहे, 'टेसरॅक्ट-ओसीआर-स्क्रिप्ट-देवा'.

घाटवाट
पान निव्वळ मराठी असेल तर एमएआर. संस्कृत श्लोक, हिंदी उतारे असतील तर स्क्रिप्ट. दोन्हींनी एकच पान काढा आणि 'ळ' आणि जोडाक्षरं ताडून बघा.

जुनी_पाने
एमएआर आहे. ड्राइव्हचंही झालं, सूडो सुटलं. आता हे रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) चालवायचंय. क्रॉनला पाथ कळेल ना?

टर्मिनल_तात्या
नाही. क्रॉन .प्रोफाइलही वाचत नाही आणि बॅशआरसीही नाही. त्याचा पाथ साधारण /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पूर्ण पत्त्यांसह लिहा:

पाथ=/होम/तुमचं_नाव/.लोकल/बिन:/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन

इथे $होम किंवा $पाथ लिहू नका, क्रॉनटॅब ते उलगडत नाही, जसंच्या तसं अक्षरशः घेतो. कमांडमध्ये तारखेसाठी % वापरलात तर आधी \ द्या, नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतो. शेवटी '>> /होम/तुमचं_नाव/ओसीआर.लॉग २>&१' जोडा. सकाळी लॉगमध्ये 'नॉट फाउंड' दिसलं तर पाथ चुकला. 'परमिशन डिनाइड' आलं तर ड्राइव्ह यूआयडीशिवाय माउंट झालाय.

धारदार
क्रॉनपेक्षा सिस्टमडीचा टायमर लावा, लॉग आपोआप जर्नलमध्ये येतो.

सांजवेळ
तिथेही 'एक्झेकस्टार्ट' मध्ये पूर्ण पत्ताच द्या, तोही बॅशआरसी वाचत नाही.