केंटमधील जुन्या शेतघराच्या माळ्यावर काजळी कशी?

प्रश्न – वास्तुजिज्ञासू

इंग्लंडच्या केंट परगण्यातील एक जुने लाकडी चौकटीचे शेतघर आतून पाहण्याची संधी मिळाली. घराच्या मध्यभागी विटांचे भक्कम धुराडे असून सर्व चुली त्यालाच जोडलेल्या आहेत. असे असूनही माळ्यावरील मधल्या भागाचे वासे काजळीने काळेकुट्ट झालेले आहेत आणि दोन्ही टोकांकडील वासे मात्र स्वच्छ आहेत. हा आगीचा परिणाम असावा का? दुसरी गोष्ट अशी की, दर्शनी भिंतीच्या वरच्या तुळईला खालच्या अंगाने शंकरपाळ्याच्या आकाराच्या रिकाम्या खाचांची एक ओळ आहे. ते लाकूड मोडीत निघालेल्या जहाजाचे आहे, असे मला तेथे सांगण्यात आले. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर – जुनी_बांधणी

आग लागली असती, तर लाकूड जळून त्याला कोळशासारख्या भेगा पडल्या असत्या. आपण वर्णन केलेली काजळी रोजच्या चुलीची आहे. केंट-ससेक्समध्ये पंधराव्या शतकात बांधलेल्या अशा घरांत मधले दालन जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे असे, त्याच्या जमिनीवर उघडी चूल पेटत असे आणि धूर कौलांच्या फटींतून किंवा छपराच्या टोकाशी ठेवलेल्या लहान झरोक्यांतून बाहेर पडत असे. दालनाच्या एका बाजूला कोठीच्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला कुटुंबाची खाजगी खोली असून या दोन्ही टोकांना वरचा मजला असे. दालन आणि टोके यांच्यामधील कुडाची भिंत थेट आढ्यापर्यंत नेलेली असल्यामुळे धूर मध्येच अडकून राही. पुन्हा जाणे झाले, तर त्या कुडाच्या दोन्ही बाजू जरूर पाहाव्यात. एक काळी आणि दुसरी स्वच्छ आढळली, तर शंकेला जागा उरणार नाही.

धुराडे नंतरचे आहे. सोळाव्या शतकात आणि सतराव्या शतकाच्या आरंभी अशा असंख्य घरांत विटांची धुराडी आली. धूर कोंडेनासा झाल्यावर दालनाच्या मध्यावर तक्तपोशी घालून वर निजण्याच्या खोल्या काढता आल्या.

उत्तर – सुतारकी

जहाजाची कथा इंग्लंडमधील जवळजवळ प्रत्येक जुन्या घराला चिकटलेली आहे आणि ती बहुधा निराधार असते. ओक वाळला की अतिशय कठीण होतो, म्हणून सुतार तो ओला असतानाच घडवीत, जमिनीवर चौकट जुळवून सांध्यांवर खुणा कोरीत आणि मग ती जागेवर उभारून लाकडी खुंट्यांनी पक्की करीत. जुने लाकूड पुन्हा वापरले जाई हे खरे. पण आपण सांगता त्या खाचांचा उलगडा याहून साधा आहे. त्या काळी शेतकऱ्याच्या खिडकीला काच नसे. चौकोनी लाकडी गज कोनावर फिरवून उभे बसवीत, त्यामुळे त्यांच्या खाचा शंकरपाळ्यासारख्या दिसतात. आत फळीची झडप असे आणि ती सरकती असल्यास तिची लांब खोबणही जवळच सापडते. म्हणजे त्या ठिकाणी पूर्वी दालनाची उंच खिडकी होती.

वास्तुजिज्ञासू

दोघांचेही आभार. असे एखादे घर मूळ रूपात पाहता येईल का? आणि बाहेरचे काळे खांब व पांढऱ्या भिंती मूळच्याच समजाव्यात का?

उत्तर – जुनी_बांधणी

वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयातील ‘बे-लीफ’ हे शेतघर पाहावे. केंटमधील चिडिंगस्टोन येथील हे घर बाउ बीच जलाशयाच्या कामामुळे 1960 च्या दशकाच्या अखेरीस सोडवून घेण्यात आले आणि संग्रहालयात पुन्हा उभारताना त्याचे दालन छपरापर्यंत मोकळे ठेवण्यात आले. ईस्ट ससेक्समधील अल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊसही याच पद्धतीचे आहे. नॅशनल ट्रस्टने 1896 मध्ये अवघ्या 10 पौंडांना घेतलेली ती त्या संस्थेची पहिली इमारत होय.

उत्तर – सुतारकी

काळा रंग बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळातील हौस आहे. केंटमध्ये ओक उघडाच ठेवीत आणि तो उन्हापावसाने रुपेरी करडा होई, किंवा लाकडासह सबंध भिंतीला चुन्याची सफेदी देत. रंगापेक्षा मला सिमेंटच्या गिलाव्याची अधिक चिंता वाटते, कारण त्यामागे ओल साचून सर्वांत खालची आडवी तुळई आतून कुजते आणि बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. घर संरक्षित वास्तूंच्या यादीत असेल, तर त्याच्या स्वरूपावर परिणाम करणारे बदल, मग ते आतले का असेनात, स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या संमतीविना करणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा मालकांनी रंग किंवा गिलावा काढण्यापूर्वी तेथे विचारणा करावी.