मदत हवी आहे: एकाच ओव्हनमध्ये पीटी१०० आणि के टाइपच्या रीडिंगमध्ये २९ अंशांचा फरक

नमस्कार मंडळी,

ओव्हनचा सेट पॉइंट १८० अंश सेल्सिअस. आत पीटी१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा सेन्सर) आणि के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांमधल्या व्होल्टेजवरून तापमान सांगणारा सेन्सर) अगदी शेजारी बसवलेत. कंट्रोलर पीटी१०० वर चालतो आणि १८० दाखवतो, थर्मोकपलचा इंडिकेटर मात्र १५१ वर अडकलाय. सेन्सर बदलून पाहिले, फरक तसाच.

पीटी१०० चं गणित समजतं: शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशांना साधारण १३८.५. तापमान वाढलं की प्लॅटिनमचा रोध वाढतो. थर्मोकपलचं कोडं सुटत नाही. पॅनेलपर्यंत दोन्हींना साधी दोन कोअरची तांब्याची केबल आहे. थर्मोकपलचं हेड, म्हणजे त्याच्या तारा केबलला जोडायची डबी, ओव्हनला चिकटून, तिथे ६० अंश; पॅनेलमध्ये ३५. खरं कोण सांगतंय?

प्रतिसाद

दोघंही नाही. हेड आणि पॅनेलचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे.

थर्मोकपलचा व्होल्टेज फक्त टोकाच्या जोडावर तयार होतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो दोन वेगळ्या धातूंच्या तारांवर, जिथे जिथे तापमान उतरत जातं, त्या सगळ्या लांबीत तयार होतो. के टाइपला अंशामागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. इंडिकेटर त्यात स्वतःच्या टर्मिनलचं तापमान, म्हणजे ३५, मिळवतो. पण तुमच्याकडे हेडपासून पुढे दोन्ही तारा तांब्याच्या. ६० ते ३५ हा उतार तिथे मोजलाच जात नाही. २५ अंश गेले ते तिथे. के टाइपचीच एक्स्टेन्शन केबल (थर्मोकपलसारखीच वागणाऱ्या धातूंच्या तारांची) थेट इंडिकेटरच्या टर्मिनलपर्यंत न्या.

उरलेले चार अंश पीटी१०० चे. दोन तारांच्या जोडणीत केबलचा रोध सेन्सरच्या रोधात मिसळतो, आणि १८० च्या आसपास दीड ओहम म्हणजे चार अंश. सेन्सरकडची दोन टोकं एकत्र जोडा, पॅनेलकडच्या तारा कंट्रोलरवरून सोडवा आणि मल्टिमीटर लावा. दीडच्या आसपास आलं, तर ओव्हन खरा १७६ वर आहे. मग तीन तारांची जोडणी करा, म्हणजे कंट्रोलर केबलचा रोध वजा करू शकेल. कंट्रोलरला तसं इनपुट आहे का, ते आधी बघा.

एक मात्र सांभाळा. अमेरिकन रंगपद्धतीच्या के टाइप केबलमध्ये लाल तार ऋण असते, पिवळी धन. सवयीने दोन्ही टोकांना लाल तार धन टर्मिनलला गेली की चूक दुरुस्त होण्याऐवजी जवळपास दुप्पट होते.