बिवा सरोवर, शनिवारी कयाक: मदत हवी आहे (तातडीने)

कोथरूडकर: शनिवारी जपानच्या बिवा सरोवरावर जातोय. कयाकने पाण्यातल्या तोरीपर्यंत (देवळाची लाकडी कमान असते ना, ती) जायचंय, जमलं तर जेट स्कीसुद्धा. परवाना लागतो का? स्वस्तात कुठे मिळेल? 'गूगल करा' असं कृपया सांगू नका.

ओसाकावासी: कुठला किनारा? कितीजण? गाडी आहे का? ६७० चौरस किमीचं सरोवर आहे साहेब, खडकवासला नव्हे.

कोथरूडकर: तोरी म्हटल्यावर कळायला हवं की! शिराहिगे देवळासमोरची. परवान्याचं सांगा.

पायडल: कयाक सोडा, सायकल घ्या. बिवाइची! अख्ख्या सरोवराला प्रदक्षिणा, साधारण २०० किमी. सरोवर डाव्या हाताला ठेवायचं, रमतगमत दोन दिवस.

ओसाकावासी: सायकलचं विचारलंय कुणी? जेट स्की स्वतः चालवायला जपानचा वेगळा परवाना लागतो, गाडीचा चालत नाही. कयाकला काही लागत नाही.

गळकरी: मासेमारी करणार असाल तर ध्यानात ठेवा, शिगा प्रांतात (बिवा तिथेच येतं) २००३ पासून पकडलेला ब्लॅक बास मासा परत पाण्यात सोडायला बंदी आहे.

पायडल: आता मासेमारीचं कुणी विचारलं?

क्योतोची_मावशी: आधी हे सांगा, पोहता येतं का सगळ्यांना? मार्च संपत आलाय. या दिवसांत हिरा डोंगरावरून अचानक वारा सुटतो, 'हिरा हाक्को' म्हणतात त्याला. कधीकधी त्या वाऱ्यापायी किनाऱ्यालगतच्या कोसेइ रेल्वे लाइनच्या गाड्यासुद्धा थांबवतात. एप्रिल १९४१ मध्ये कानाझावाच्या विद्यार्थ्यांची वल्हवायची होडी ताकाशिमाजवळ बुडून ११ जण गेले. तुमचं देऊळ ताकाशिमातच आहे.

कोथरूडकर: पोहता मला येतं. आईबाबा आणि मुलगा (७ वर्षं) लाइफ जॅकेट घालतील ना.

क्योतोची_मावशी: अहो, आईबाबा आणि लहान मूल, हे आता सांगताय? जॅकेट घातलं तरी त्या गार पाण्यात हातपाय बधिर होतात. कयाक उन्हाळ्यात करा. आत्ता इमाझूहून बोटीने चिकुबुशिमा बेटावर जा, वेळापत्रक तेवढं आधी बघा. तिथे बेंझाइतेनचं देऊळ आहे, आपली सरस्वतीच. आईंना आवडेल.

गळकरी: १६५ दगडी पायऱ्या आहेत तिथे! बाबांचे गुडघे?

कोथरूडकर: बाबा दरवर्षी सिंहगड चढतात. पण जेट स्कीच्या मागे नुसतं बसायचं असेल तर भाडं किती, ते कुणीच सांगेना.

पायडल: सायकलचं सांगू?